ओसाड गावचा एरंड, की हंगामाचा विजेता?

प्रश्न थोडक्यात असा: ब्रिटनच्या राष्ट्रीय सलून कार स्पर्धेच्या जुन्या विजेत्यांची यादी वाचताना 1970, 1971 आणि 1972 अशी सलग तीन वर्षं बिल मॅकगव्हर्नचं नाव दिसतं. गाडी कोणती, तर सनबीम इम्प, हजार सीसीच्या आतली. त्याच काळात शर्यतीची रेषा सगळ्यात आधी ओलांडत होत्या पाच लिटर आणि त्याहून मोठ्या इंजिनांच्या अमेरिकन गाड्या. मग चॅम्पियन इम्पवाला कसा? ही 'ओसाड गावी एरंड बळी' अशी गत नाही का? आणि संघ हंगाम आखताना याचा हिशेब करून ठेवतात का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दाचं आहे: हो. हंगाम वसंतात सुरू होतो, पण निम्मा निकाल त्याआधीच्या हिवाळ्यात, नियमपुस्तक आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलेल्या माणसांनी लावलेला असतो. बाकीच्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल.

मी ड्रायव्हर नाही. माझी उमर गेली गाड्या तपासण्यात, शर्यतीआधी आणि शर्यतीनंतर. आम्हाला स्क्रूटिनियर म्हणतात. पाठीमागे आणखीही काही म्हणतात, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यामुळे माझं उत्तर ट्रॅकच्या कडेवरून नाही, वजनकाट्याच्या बाजूने आलेलं आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

सलून कार म्हणजे टप असलेली, लोक बाजारहाटाला आणि कामावर नेतात ती साधी गाडी. तिची शर्यत लावायची ठरवली की पहिल्याच दिवशी अडचण उभी राहते. रस्त्यावर जे विकलं जातं ते सगळं एकत्र ट्रॅकवर सोडलं, तर मोठ्या इंजिनाची गाडी जिंकणार हे सांगायला ज्योतिषी नको. मग छोट्या गाड्यांचे मालक येतीलच कशाला? आणि ते आले नाहीत तर मैदानात उरणार सहा गाड्या. म्हणून इंजिनाच्या क्षमतेवर वर्ग पाडतात. इम्पच्या काळात साधारण चार होते: हजार सीसीपर्यंत, तेराशेपर्यंत, दोन हजारपर्यंत आणि त्यापुढचे सगळे. चारही वर्ग एकाच वेळी, एकाच ट्रॅकवर धावतात. प्रेक्षकाला एकच शर्यत दिसते, गुणतक्त्याला मात्र चार दिसतात.

सगळी गंमत इथे आहे. गुण रेषेवरच्या क्रमांकाला मिळत नाहीत, वर्गातल्या क्रमांकाला मिळतात. आणि सगळ्या वर्गांतल्या पहिल्या क्रमांकाची किंमत सारखीच असते.

कागद घ्या आणि आकडे मांडून बघा. समजा हंगाम आठ शर्यतींचा आहे आणि वर्गातल्या पहिल्या सहांना 9, 6, 4, 3, 2, 1 असे गुण आहेत. मोठ्या वर्गात तीन तगडे ड्रायव्हर आहेत, तिघांकडे तोडीच्या गाड्या. त्यांतला सर्वोत्तम जो आहे त्याने चार जिंकल्या, तीनदा दुसरा आला आणि एकदा गिअरबॉक्सने दगा दिला. झाले 54. छोट्या वर्गात एकच गाडी खरी तयारीची आहे. तिने आठही वेळा वर्ग जिंकला: 72. मोठ्या वर्गातला आपला माणूस कदाचित त्या देशातला सगळ्यात वेगवान ड्रायव्हर असेल, आणि तरी तो अठरा गुणांनी मागे. त्याने आणखी एक शर्यत जिंकली असती तरी फार तर तीन गुणांनी अंतर कमी झालं असतं, कारण दुसऱ्या क्रमांकाचे सहा गुण त्याला तसेही मिळतच होते. आठ शर्यतींच्या हंगामात एकदा बंद पडण्याची किंमत एका विजयाच्या कमाईपेक्षा मोठी असते. गुणतक्ता वेगापेक्षा सातत्याला, आणि सातत्यापेक्षाही एकाकीपणाला जास्त पैसे देतो.

आता म्हणीबद्दल. एरंड बळी ठरतो तो गाव ओसाड असेल तरच. छोटा वर्ग ओसाड असतोच असं नाही. पुष्कळदा सगळ्यात जास्त गर्दी तिथेच असते, कारण छोटी गाडी स्वस्त पडते. जॉर्ज बेव्हनने तयार केलेली ती इम्प वर्गात पुन्हा पुन्हा पहिली येत होती ती रिकाम्या मैदानामुळे नाही. रस्त्यावरच्या इम्पला 875 सीसीचं, पूर्ण अॅल्युमिनियमचं इंजिन, तेही मागे बसवलेलं. बेव्हनने ते हजाराच्या उंबरठ्यापर्यंत नेलं आणि मुख्य म्हणजे ते हंगामभर टिकवलं. हजार सीसीच्या इंजिनातून ताकद काढायची तर ते फिरवावं लागतं, आणि फिरणारं इंजिन फुटतं. मॅकगव्हर्नचं फुटत नव्हतं. माझ्या लेखी तीन विजेतेपदांचं कारण हेच, आणि त्यातलं निम्मं श्रेय हातात पाना असलेल्या माणसाचं.

छोट्या गाडीला निसर्गाचीही थोडी साथ असते. ती हलकी, म्हणून ब्रेक तापत नाहीत, टायर झिजत नाहीत, पेट्रोल कमी लागतं. दीड टनाची मोठी गाडी दर वळणाला आपल्याच वजनाशी भांडत असते. हंगामाच्या अखेरीला मोठ्या गाड्यांच्या नावापुढे 'शर्यत अपूर्ण' जास्त वेळा दिसतं ते ड्रायव्हर बेफिकीर असतात म्हणून नाही.

या वर्गपद्धतीची पहिली फजिती पहिल्याच वर्षी झाली. 1958 हा ब्रिटिश सलून कार स्पर्धेचा पहिला हंगाम. टॉमी सॉपविथ 3.4 लिटरच्या जग्वारमध्ये, सगळ्यात मोठ्या वर्गात. विमानं बनवणाऱ्या सॉपविथांचा हा मुलगा. दुसरीकडे नॉरफोकचा शेतकरी जॅक सीअर्स, ऑस्टिन ए105 वेस्टमिन्स्टरमध्ये, एक वर्ग खाली. ऑस्टिनने जग्वारला सरळ लढतीत गाठणं अवघडच, पण गुणतक्त्याला त्याचं काय? दोघांनी आपापल्या वर्गात पीक कापलं आणि हंगाम संपला तेव्हा दोघांचे गुण बरोबरीत. एकमेकांशी एकही खरी लढत न करता दोन माणसं बरोबरीत आलेली!

नाणं उडवून निकाल लावायची सूचना पुढे आली. दोघांनीही ती झिडकारली, आणि बरं झालं. मग तोडगा निघाला तो मला आजही या खेळातला सगळ्यात प्रामाणिक तोडगा वाटतो. एकसारख्या दोन रायली 1.5 गाड्या आणल्या. ब्रँड्स हॅचवर पाच लॅपची शर्यत झाली, मग दोघांनी गाड्या बदलल्या आणि पुन्हा पाच लॅप. दोन्हींच्या वेळांची बेरीज. पाऊस पडत होता. दहा लॅपनंतर सीअर्स 1.6 सेकंदांनी पुढे होता आणि तो पहिला विजेता ठरला. गाड्या बदलण्याची अट कोणाच्या डोक्यातून आली असेल त्याला माझा नमस्कार, कारण 'एकसारख्या' दोन गाड्या कधीच एकसारख्या नसतात हे त्या माणसाला ठाऊक होतं.

हाच सीअर्स 1963 साली पुन्हा विजेता झाला तो हंगामही बघण्यासारखा आहे. तो एकाच गाडीला चिकटून बसला नाही. कधी फोर्ड कॉर्टिना जीटी, तर कधी सात लिटरची अजस्र फोर्ड गॅलक्सी. गॅलक्सी आली तेव्हा इतकी वर्षं मिरवणाऱ्या जग्वार तिच्यापुढे एकाएकी म्हाताऱ्या दिसू लागल्या. त्याच वर्षी ओल्टन पार्कला लोटस कॉर्टिना पहिल्यांदा उतरली. दोन गॅलक्सी पुढे गेल्या, पण दीड लिटरच्या जरा वरची ही छोटी गाडी जग्वारांच्या पुढे राहिली. पुढच्या वर्षी त्याच गाडीत जिम क्लार्क राष्ट्रीय विजेता झाला. वळणावर आतल्या बाजूचं पुढचं चाक हवेत उचललेली ती कॉर्टिना तुम्ही चित्रांत पाहिली असेलच.

आता हिवाळ्यातल्या त्या कॅल्क्युलेटरकडे येऊ. हा माझ्या घरचा विषय, तेव्हा जरा रेंगाळतो.

वर्गाची सीमा हजार सीसी असेल तर 850 सीसीचं इंजिन घेऊन येणं म्हणजे परीक्षेत शेवटचे तीन प्रश्न सोडून देणं. सीमेच्या जितकं जवळ जाल तितकं बरं. मिनी कूपर एसचं एक रूप नेमकं 970 सीसीचं होतं, ते का, हे आता कळेल: ते हजाराच्या वर्गासाठीच घडवलेलं. 1969 साली अॅलेक पूल राष्ट्रीय विजेता झाला तो 970 मिनीतच. त्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 70.6 मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 61.91 मिमी. बोअरला बोअरनेच गुणा, मग 0.7854 ने, मग स्ट्रोकने, मग चार सिलिंडरांनी, आणि शेवटी हजाराने भागा. उत्तर येतं 969 सीसी आणि वर थोडं. आता स्ट्रोक तसाच ठेवून बोअर 71.7 मिमी केला तर किती होतात? 999.9. म्हणजे सिलिंडर घासून जेमतेम 1.1 मिमी रुंद करण्याइतकी मोकळीक. झिजलेला ब्लॉक पुन्हा वापरायचा असेल तर ही एवढीशी जागा म्हणजे सोनं.

आणि इथेच माझ्यासारखा माणूस येतो. एका स्पर्धेत, नाव-गाव सांगत नाही, वर्ग जिंकलेल्या गाडीविरुद्ध प्रोटेस्ट आला: इंजिन मोठं आहे. इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं. माझ्या तरुण सहकाऱ्याने लगेच माप घेतलं आणि चेहरा गंभीर करून म्हणाला, दोन सीसी जास्त. विरोधी संघाचे लोक हात चोळू लागले. मी म्हटलं, चहा घ्या, सकाळी बघू. लोखंड तापलं की पसरतं. इंजिन सत्तर अंशांनी गरम असेल तर हजार सीसीमागे दोन-सव्वादोन सीसी नुसत्या उष्णतेने वाढतात. रात्रभर गाडी सीलबंद ठेवली, सकाळी थंड इंजिन मोजलं, तर सीमेच्या आत. अगदी केसाएवढं, पण आत. सहकाऱ्याला मी काही बोललो नाही, त्याने पुन्हा कधी गरम इंजिनाला मोजपट्टी लावली नाही.

वजनाचंही तसंच. गाडी शर्यतीआधी काट्यावर बसते तेव्हा पोट भरलेलं असतं. शर्यतीनंतर पेट्रोल जळलेलं, टायर झिजलेले, ब्रेकचे पॅड निम्मे. किमान वजनावर नेमकी बसवलेली गाडी शेवटच्या लॅपला दोन किलोंनी हलकी भरते आणि तिसरा क्रमांक हातचा जातो. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता वाईटही वाटत नाही.

गुणतक्त्याने खऱ्या अर्थाने अन्याय केला असेल तर तो माझ्या मते गॉर्डन स्पाइसवर. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात तीन लिटरच्या फोर्ड काप्रीत त्याने वर्षामागून वर्षं आपल्या वर्गाचं विजेतेपद घेतलं, शर्यतीही सरळ जिंकल्या. एकूण विजेतेपद? एकदाही नाही. काप्री सगळ्यांकडेच होती, त्यामुळे त्याच्या वर्गात गुणांचे वाटेकरी भरपूर. तिकडे 1978 आणि 1979 ला रिचर्ड लाँगमनने मिनी 1275 जीटीमध्ये तेराशेच्या वर्गात सडकून विजय मिळवले आणि दोन्ही वर्षं तो चॅम्पियन. लाँगमन उत्तम होता यात शंका नाही. पण त्या वर्षांतला ब्रिटनचा सर्वोत्तम सलून कार ड्रायव्हर कोण, असं मला विचाराल तर मी स्पाइसकडे बोट दाखवीन. यादीत त्याचं नाव सापडणार नाही. तुमचा प्रश्न इम्पऐवजी इथे जास्त टोचतो.

इंजिन नेहमीचं नसेल तर मोजणी आणखी मजेदार होते. 1980 आणि 1981 ला विन पर्सी माझ्दा आरएक्स-7 मध्ये जिंकला. तिच्यात पिस्टनच नव्हते, फिरता रोटर होता. तिची क्षमता कागदावर 1146 सीसी. पण रोटरी इंजिन त्याच आकाराच्या पिस्टनवाल्यापेक्षा कितीतरी जास्त काम करतं, म्हणून नियमकर्त्यांनी तिला दोनाने गुणलं: 2292. आणि वर्गाची सीमा 2300! आठ सीसींनी आत. असा योग जुळून येतो तेव्हा कुठल्या तरी कार्यालयात कोणीतरी हळूच हसलेलं असतं. इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या टर्बोलाही असाच गुणक लावत. फोर्ड सिएराचं 1993 सीसीचं टर्बो इंजिन आधी 1.4 ने आणि मग 1988 पासून 1.7 ने गुणलं जाऊ लागलं. म्हणजे दोन लिटरची गाडी कागदावर जवळजवळ 3.4 लिटरची झाली.

त्या सिएरा आरएस500 चा काळ म्हणजे तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण. पाचशे अश्वशक्तीच्या त्या गाड्या 1988 आणि 1989 मध्ये जवळपास प्रत्येक शर्यतीत पुढे होत्या. विजेते कोण? 1987 ला 1587 सीसीच्या टोयोटा कोरोलातला ख्रिस हॉजेट्स. 1988 ला 2302 सीसीच्या बीएमडब्ल्यू एम3 मधला फ्रँक सिटनर. 1989 ला दोन लिटरच्या व्हॉक्सहॉल अॅस्ट्रातला जॉन क्लीलँड. तीन वर्षं, तीन वेगवेगळे वर्ग, आणि सिएरावाले आपापसांत गुण वाटून घेत बसलेले. आरएस500 ला एकूण विजेतेपद मिळालं ते 1990 साली, रॉब ग्रॅव्हेटकडून. तोवर दूरचित्रवाणीवर या शर्यती दिसू लागल्या होत्या, आणि घरी सोफ्यावर बसलेल्या माणसाला समजावणार कसं, की आत्ता जो जिंकला तो पाचवा आहे आणि जो दहावा आला त्याच्याकडे करंडक जाणार आहे?

त्याआधी एक मोठं प्रकरण सांगायलाच हवं, कारण तपासणीच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ते शिकवलं जातं. 1983 ला गाडीत किती बदल चालतील ते ठरवणारे नवे 'ग्रुप ए' नियम आले. रोव्हर व्हिटेस गाड्यांनी तो हंगाम धुऊन काढला आणि स्टीव्ह सोपर विजेता दिसत होता. सिटनरच्या बाजूने प्रोटेस्ट आला: चाकांवरच्या कमानी आणि इंजिनातले काही भाग नियमात बसत नाहीत. वाद इतका चिघळला की लॉर्ड शॉक्रॉस यांच्या अध्यक्षतेखाली लवाद बसला. होय, तेच शॉक्रॉस, न्यूरेंबर्गच्या खटल्यात ब्रिटनची बाजू मांडणारे. युद्धगुन्हेगारांच्या खटल्यापासून रोव्हरच्या मडगार्डपर्यंत! निकाल लागेपर्यंत 1984 चा अर्धा हंगाम उलटला होता. रोव्हरचे गुण गेले, सोपरचं विजेतेपद गेलं, कंपनी चालू हंगामातून बाहेर पडली, आणि 1983 चा विजेता ठरला अल्फा रोमिओ जीटीव्ही6 मधला अँडी राऊस. आता पुढचं ऐका: 1984 ला राऊस पुन्हा जिंकला, आणि गाडी होती रोव्हर व्हिटेस. तीच गाडी, पण नियमात बसणारी. राऊसने एकूण चार विजेतेपदं घेतली, चार वेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत. गाडी कोणती आणि नियम काय सांगतो, हे वाचण्यात त्या माणसाचा हात धरणारा कोणी नव्हता.

1987 पासून स्पर्धेचं नाव ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिप झालं होतं. 1991 ला वर्गांवरच तोडगा काढला: सगळ्यांना एकच सूत्र. दोन लिटर, टर्बो नाही, इंजिनाला मिनिटाला 8500 फेऱ्यांची मर्यादा. जो पुढे तो पुढे. त्या वर्षी एम3 मधला विल हॉय जिंकला आणि सोफ्यावरच्या माणसाला अखेर कळलं की कोण जिंकतंय.

म्हणजे प्रश्न सुटला? तुम्हाला तसं वाटत असेल तर 1992 ची शेवटची शर्यत बघा. सिल्व्हरस्टोनला क्लीलँड, हॉय आणि टिम हार्वी तिघांनाही विजेतेपदाची संधी. हार्वीचा संघसहकारी सोपर आणि क्लीलँड यांची धडक झाली, क्लीलँड बाहेर, आणि चौथा आलेला हार्वी विजेता. वर्गपद्धतीत स्पर्धक पुष्कळदा एकमेकांच्या वाटेतही नसत. एकच सूत्र आलं आणि सगळे एकाच दारातून एकदम घुसू लागले. शिवाय संघात दोन गाड्या असल्या की दुसरी कशासाठी असते, हा प्रश्न तेव्हापासून उघडपणे विचारला जाऊ लागला.

पैसाही तिथेच घुसला. वर्ग चार होते तेव्हा कंपन्यांचा खर्च चार ठिकाणी वाटला जाई. आता प्रत्येकाला एकाच करंडकाची हाव. 1994 ला अल्फा रोमिओ 155 खालीवर करता येणारे वायुपंख घेऊन आली. सुरुवातीच्या शर्यती तिने सहज मारल्या, मग प्रोटेस्ट, मग ओल्टन पार्कहून संघ गाड्या भरून निघून गेला. तरी वर्षअखेर विजेता गॅब्रिएले तार्क्विनी, अल्फातलाच. 1996 ला फ्रँक बीलाची चारही चाकांना ताकद देणारी आउडी ए4 अंगावर जादा वजन चढवूनही जिंकली. दशक संपेपर्यंत खर्च इतका वाढला की 2000 च्या हंगामात कंपन्यांचे संघ उरले तीन: फोर्ड, होंडा, व्हॉक्सहॉल. अॅलन मेन्यू फोर्ड मोंडिओत विजेता झाला, आणि त्या नियमांचा गाशा गुंडाळला गेला. आता सांगा, गाव ओसाड कधी होतं? इम्पच्या वेळी, की या वेळी?

पुढे, 2021 पर्यंत, समतोल साधायला जिंकणाऱ्याच्याच गाडीत वजन टाकत. काही हंगामांत गुणतक्त्यात पहिल्या असलेल्याला 75 किलोपर्यंत ओझं वाहायला लागायचं. म्हणजे एक मोठा माणूस शेजारी बसवून शर्यत. आठवडाअखेरीला तीन शर्यती, तिसरीत पुढच्या काही गाड्यांचा क्रम उलटा. पहिल्याला 20, दुसऱ्याला 17, तिसऱ्याला 15 आणि असे पंधराव्यापर्यंत गुण. पुन्हा सातत्यालाच भाव, फक्त वेगळ्या दाराने. 2016 ला गॉर्डन शेडन दोन गुणांनी जिंकला. तीस शर्यतींचा हंगाम आणि अंतर दोन गुणांचं! हिशेबाची माणसं त्याला यश म्हणतात. मला त्यात थोडी बनावट वाटते, पण शर्यत पाहायला मजा येते हेही खरं.

माझं मत विचाराल तर मला वर्गपद्धत अजून आवडते. तिचा खरा दोष वर्ग हा नव्हताच. दोष होता तो रिकाम्या वर्गातल्या विजयाला भरलेल्या वर्गातल्या विजयाइतकीच किंमत देण्याचा. त्याला सोपा उतारा आहे आणि तो ठिकठिकाणी वापरलाही जातो: वर्गात ठरावीक संख्येपेक्षा कमी गाड्या उतरल्या तर गुण निम्मे. एवढ्याने एरंडाचा प्रश्न मिटतो आणि हजार सीसीवाल्याला मैदानात जागाही राहते.

तुमच्या प्रश्नात न विचारलेली, पण मला वास येणारी एक गोष्ट म्हणजे तुम्हाला स्वतःलाच एक हंगाम करून बघायचा आहे. तसं असेल तर सगळ्यात छोट्या वर्गात जाऊ नका, सगळ्यात मोठ्यातही नको. मागच्या दोन वर्षांचे निकाल काढा आणि बघा कुठल्या वर्गात दर फेरीला, म्हणजे दर शर्यतीला, गाड्या येतात, पण शेवटपर्यंत पोचतात कमी. तिथे टिकाऊ गाडी घेऊन जा. सर्वोत्तम काही फेऱ्याच मोजायचा नियम आहे का, किती फेऱ्या सोडून देता येतात, हे पहिल्या पानाआधी वाचा, कारण त्यावर इंजिन किती ताणायचं ते ठरतं. इंजिन बांधून झालं की माप स्वतः घ्या, बांधणाऱ्याच्या शब्दावर राहू नका. आणि ते थंड असताना घ्या, म्हणजे सकाळी मला उठवावं लागणार नाही.